उताऱ्याचा नारळ कोण उचलतं?

लहानपणी मी उताऱ्याचे नारळ खूप खाल्ले आहेत. आई नगर परिषदेकडे कंत्राटी सफाई कामगार होती. अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिच्या वाट्याला चौरस्ता आला, की तिथं हळद-कुंकू लावलेलं लिंबू, काळी बाहुली, भाताचा गोळा, एखादं अंडं आणि नारळ पडलेला असायचा. बाकीचं सगळं खराट्यानं ढकलगाडीत जायचं, नारळ तेवढा पदराखाली घरी यायचा. पहिल्यांदा आणला तेव्हा बाप बिचकला होता. आई म्हणाली, "ज्याची पीडा त्याला. नारळाला काय कळतंय?" आम्ही भावंडं खोबरं खाऊन शाळेत जायचो. कुणाला काही झालं नाही. एक भाऊ अकरावीला नापास झाला, पण त्यात नारळापेक्षा गणिताचा हात जास्त होता.

त्याच वर्षांत गल्लीत एका घरी केबल आली. रामसे बंधूंचा 'झी हॉरर शो' १९९३ चा, सोनीवरचा 'आहट' १९९५ चा. दारात उभं राहून, मान उंच करून आम्ही ते बघायचो. पडद्यावर तेच लिंबू, तीच बाहुली. कॅमेरा हळूहळू लिंबाजवळ जायचा, मागं कुत्रं रडायचं आणि घरमालकीण डोळे झाकून घ्यायची. मला मात्र एकच प्रश्न पडायचा: सकाळी हे झाडतं कोण? गेल्या तीस वर्षांत मी भुताखेताच्या किती मालिका पाहिल्या याचा हिशेब नाही, पण उतारा झाडणारी बाई एकाही मालिकेत माझ्या नजरेला पडली नाही. भूत दिसतं, ती दिसत नाही.

या मालिकांतल्या वस्तूंबद्दल बोलायचं आहे, कारण वस्तू खोटं बोलत नाहीत. संवाद लिहिणारा सावध असतो, जातीचं नाव घेत नाही. पण सेटवर काय मांडायचं हे ठरवताना त्याच्या मनातली उतरंड आपोआप मांडली जाते. दोन ढीग करून बघा. एका ढिगात त्रिशूळ, गंगाजल, रुद्राक्ष, समई, होमाचं कुंड. दुसऱ्यात झाडू, मडकं, काळा दोरा, राख, हाडं, मढ्यावरचं कापड. पहिला ढीग वाचवतो, दुसरा बाधतो. पहिल्या ढिगातल्या वस्तू हातात घेणारा गोरा, शांत, संस्कृतात बोलणारा असतो. दुसऱ्या ढिगावर बसलेला काळा, केस पिंजारलेला, कोणत्या तरी 'खालच्या' बोलीत ओरडणारा असतो. हलगी वाजायला लागली की प्रेक्षकाला कळतं, आता वाईट होणार. ज्या हलगीवर आमच्याकडं लग्नं लागतात, जयंतीच्या मिरवणुका निघतात, ती तिथं फक्त भीतीचा आवाज.

आता दुसऱ्या ढिगातल्या तीन वस्तू बाजूला काढा: झाडू, मडकं, काळा दोरा. पदवीच्या पहिल्या वर्षाला मी बाबासाहेबांचं 'जातिप्रथेचे विध्वंसन' वाचलं. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि मंडळानं परिषदच रद्द केल्यामुळं कधीच न झालेलं ते भाषण. त्यात सुरुवातीलाच पेशवाईतली अस्पृश्यांची अवस्था सांगितली आहे. चालताना उमटलेलं पाऊल पुसायला कमरेला झाडू. थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडकं. आणि चुकून स्पर्श होऊ नये म्हणून, ओळख पटावी म्हणून, मनगटावर किंवा गळ्यात काळा दोरा. मी पुस्तक खाली ठेवलं. ही तर मालिकेची प्रॉपर्टी होती! रात्री दहा वाजता ज्या तीन वस्तू बघून अख्खी गल्ली घाबरायची, त्या माझ्या पणजोबा-खापरपणजोबांच्या अंगावर सक्तीनं लटकवलेल्या वस्तू होत्या.

कुणी म्हणेल, हा योगायोग आहे, झाडू काय सगळ्याच घरात असतो. असतो ना. आम्ही मातंग. आजोबा शिंदीच्या पानांचे फडे बांधायचे, म्हणजे केरसुण्या. दिवाळीच्या आधी त्यांच्याकडं गर्दी व्हायची, कारण लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी लागते, तिला हळदकुंकू वाहतात, तिला लक्ष्मी म्हणतात. ती लक्ष्मी आजोबांच्या हातून घेताना गिऱ्हाईक पैसे वरून टाकायचं. म्हणजे देवघरात गेली तर लक्ष्मी, मालिकेत गेली तर चेटकिणीचं वाहन, आणि बांधणारा माणूस दोन्हीकडं अंगणाच्या बाहेर. वस्तूचा अर्थ बदलतो, त्याची जागा बदलत नाही. प्रतीकशास्त्राच्या तासाला आम्हाला शिकवलं की चिन्ह आणि अर्थ यांचं नातं यादृच्छिक असतं. असेल. पण कुणाच्या कमरेला काय बांधायचं हे कधीच यादृच्छिक नव्हतं.

भुतांनाही जात असते, हे गावाकडच्यांना सांगायला नको. मुंज होऊन लग्नाआधी मेलेला पोरगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. विद्वान ब्राह्मण ब्रह्मराक्षस होतो. त्याला मान असतो, त्याची समजूत काढतात. गावकुसाबाहेरच्याचं भूत झालं की त्याला समजूत नाही, चाबूक.

आता वाड्याकडं येऊ. वाडा ही या मालिकांमधली सगळ्यात मोठी वस्तू. रामसेंच्या काळात हवेली, मराठीत वाडा. झी मराठीवर २०१६ मध्ये सुरू झालेली 'रात्रीस खेळ चाले' आठवा. सिंधुदुर्गातलं नाईकांचं घर, अण्णा नाईकांचा मृत्यू, मग मिळकतीवरून सुरू झालेला खेळ. मालिका आली तेव्हा ती अंधश्रद्धा पसरवते, कोकणाची बदनामी करते असे आक्षेप झाले. ते आक्षेप घेणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून होऊन तेव्हा तीन वर्षंही झाली नव्हती, आणि जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या रक्तावर पाय ठेवूनच डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळात मंजूर झाला. पण त्या वादात सगळा प्रश्न भूत आहे की नाही एवढाच राहिला. वाडा कुणाचा, त्या वाड्याची जमीन कसणारे कुठं राहतात, हे विचारायचं राहून गेलं.

२०१९ मध्ये दुसरा भाग आला आणि अण्णांचा भूतकाळ दाखवला. गावावर दरारा असलेला, बाईवर हक्क सांगणारा जमीनदार. ही खरी भयकथा होती! गावात अशी माणसं होती आणि आहेत. पण बघणाऱ्यांनी काय केलं? अण्णा आणि शेवंता लाडके झाले, त्यांच्या नकला झाल्या, स्टेटसला त्यांचे फोटो लागले. आमच्या हॉस्टेलवरची पोरंसुद्धा 'अण्णा' म्हणून एकमेकांना हाका मारायची. ज्यांच्या आज्ज्या असल्या वाड्यांच्या मागच्या दारानं शेण काढायला जायच्या, ती पोरं.

मला या मालिकांमधली एक गोष्ट मात्र खरी वाटते. भूत कायम वाड्यातच असतं. आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत सात माणसं, भुताला टेकायला जागा कुठली! वाड्यात भूत असतं कारण वाड्यात काहीतरी घडलेलं असतं. कुणाला तरी विहिरीत ढकललेलं असतं, कुणाचं तरी शेत लाटलेलं असतं. लेखकाला हे माहीत असतं, म्हणून तर कथा सुचते. पण शेवट बघा. होम होतो, मंत्र होतात, आत्मा शांत होतो. सातबाऱ्यावर नाव चढवून शांत झालेला आत्मा मी अजून पाहिलेला नाही.

हिंदीत तर लपवाछपवीही नाही. स्टार प्लसच्या २०१८ च्या 'नजर'मध्ये मोहना नावाची डायन, तिची सगळी ताकद तिच्या लांब वेणीत. तिचा मुलगा 'दावंश', नायिका 'दैविक'. कोण चांगलं, कोण वाईट, हे रक्तावरून ठरणार. आणि वेणी? २०१७ मध्ये हरियाणा, राजस्थान, दिल्ली, उत्तर प्रदेशात अफवा पसरली होती की कुणीतरी अदृश्यपणे बायकांच्या वेण्या कापतंय. त्या ऑगस्टमध्ये आग्रा जिल्ह्यात साठी ओलांडलेल्या एका दलित बाईला जमावानं मारून टाकलं. पहाटे अंधारात शौचाला बाहेर पडली होती, वाट चुकली होती. अंगावर पांढरी साडी होती. मालिका नंतर आली, त्यामुळं मालिकेनं तिला मारलं असं मी म्हणणार नाही. पण अंधारात पांढरी साडी दिसल्यावर काय समजायचं, हे त्या जमावाला आधीच पाठ होतं. इतक्या वर्षांत ते कुणी पाठ करून घेतलं?

बिहारला डायनप्रथेविरुद्ध १९९९ मध्ये कायदा करावा लागला, झारखंडला २००१ मध्ये, छत्तीसगडला २००५ मध्ये, पुढं ओडिशाला आणि राजस्थानलाही. झारखंडच्या छुटनी महतोंना डायन ठरवून गावातून हाकललं होतं. त्यांनी पुढं अशाच हाकललेल्या बायकांना वाचवायचं काम केलं आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या आयुष्यावर मालिका निघाली तर मी पहिल्या दिवसापासून बघेन. त्यात घराघरात असणाऱ्या वस्तू असतील आणि त्यांच्याचमुळं अंगावर काटा येईल.

माझी आज्जी सुईण होती. पंचक्रोशीतल्या मोठ्या घरांतल्या बाळंतपणाला तिलाच बोलावणं यायचं. नाळ कापायला तिचा हात चालायचा, नंतर गोठ्याजवळ बसून भाकरी. एका घरात लागोपाठ दोन मुलं दगावली आणि आज्जीचं बोलावणं थांबलं. मग तिच्या दारात लिंबं पडायला लागली. विधवा होती, केस पांढरे, लुगडं पांढरं. पोरं लांबून दगड मारून पळायची आणि पळताना टीव्हीतल्यासारखं हसायची. आज्जी लिंबं गोळा करून मीठ लावून ठेवायची. वरवर ती हसायची, पण मरेपर्यंत संध्याकाळनंतर घराबाहेर पडली नाही.

मालिका सुरू होण्याआधी एक पाटी येते: आम्ही अंधश्रद्धेचं समर्थन करत नाही. ती वाचायच्या आत जाते. केबल टीव्हीच्या १९९४ च्या नियमांतल्या कार्यक्रम संहितेत अंधश्रद्धेला उत्तेजन देणारा कार्यक्रम दाखवू नये असं स्पष्ट लिहिलं आहे. ती पाटी त्या नियमाच्या अंगावर टाकलेलं लिंबू आहे. टाकलं, की बाधा टळली.

आपल्यातल्या शिकलेल्या पोरांशीही भांडण आहे. घरात पहिली पदवी आपली, पहिला पगार आपला, आणि पायात काळा दोरा. फॅशन आहे, म्हणतात. मीही बांधला होता, राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेच्या आधी, रूममेटच्या सांगण्यावरून. परीक्षेत नापास झालो आणि दोरा तसाच राहिला. आईनं सुट्टीत बघितला. काही बोलली नाही, विळीवर कापून टाकला आणि भाजी चिरायला बसली.

आता ती निवृत्त होऊन माझ्याकडं पुण्यात असते. गेल्या अमावास्येनंतर आमच्या इमारतीच्या जिन्यात कुणीतरी उतारा ठेवला. लिंबू, बाहुली, नारळ, सगळं साग्रसंगीत. वीस फ्लॅटमधल्या कुणीच हात लावेना. दुपारी सोसायटीचे एक गृहस्थ आले. अठरा दारं सोडून आमची बेल वाजवली. मला म्हणाले, "आईंना सांगा ना जरा. त्यांना सवय आहे, म्हणून म्हटलं."

माझ्या तोंडातून शब्द फुटेना. आई आतून बाहेर आली, चष्मा लावला, जिन्यात वाकून बघितलं.

"उचलते की," ती म्हणाली. "पण आधी हजेरी लावा. दिवसाचे किती देता ते सांगा. आणि नारळ माझा."