नवरा, बायको आणि कंडक्टर

गेल्या महिन्यात हिमायतनगरला, म्हणजे गावी, गेलो होतो. पुण्याहून रात्रीच्या गाडीनं नांदेड आणि तिथून भोकरमार्गे एसटी. सोबत बायको. आणि सोबत एक भांडण, जे पुण्याहूनच निघालं होतं.

भांडणाचा विषय सांगतो. माझं कॅम्पस प्लेसमेंट चालू होतं तेव्हा आईनं माहूरच्या रेणुकामातेला नवस बोलला होता. लेकराला नोकरी लागू दे, लग्न झाल्यावर जोडीनं अनवाणी गड चढतील. नोकरी लागली, दोन वर्षांपूर्वी लग्नही झालं. नवस मात्र तसाच पेंडिंग. बायकोचं म्हणणं एकदम साधं. "रिक्वायरमेंट तुझ्या आईची, क्लायंट देवी, मग डिलिव्हरी माझ्या गळ्यात का? मला तर विचारलंही नव्हतं. तेव्हा मी तुला ओळखतही नव्हते!" मुद्दा बरोबर आहे. मी तेवढ्यात "जाऊन येऊ ना, काय बिघडतंय" म्हणालो आणि बिघडलं.

तर नांदेड ते भोकर आमचं हे दबक्या आवाजात चालू. तेवढ्यात कंडक्टर आला. "दोन?" मी "हो" म्हणालो. त्यानं आमच्या दोघांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि मशीन खटखटवत म्हणाला, "एक फुल, एक हाफ. मॅडमचं निम्मंच आहे, पण आवाज सरांपेक्षा फुल आहे." (2023 पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, त्यावरून.) मला वाटलं, संपलं आता सगळं. पण बायको खळखळून हसली. मागच्या सीटवरच्या दोन आजीही हसल्या. भोकर येईपर्यंत आम्ही शेंगा खात होतो.

त्या क्षणी मला 'नवरा माझा नवसाचा' आठवला. तुम्हालाही आत्तापर्यंत आठवलाच असेल :)

हा सिनेमा 2004 चा. त्या वर्षाचं नाव काढलं की सगळे 'श्वास'बद्दल बोलतात, आणि ते योग्यच आहे. भारतातर्फे ऑस्करला पाठवलेला मराठी सिनेमा तो. पण आमच्या गल्लीत, शेजारच्या काकांच्या व्हीसीडी प्लेअरवर, पुन्हा पुन्हा लागायचा तो नवसाचाच. मी तेव्हा दुसरीत होतो. वडिलांनी गणपतीला बोललेला नवस, मुलाला नागडं गणपतीपुळ्याला आणीन म्हणून. तो फेडायची पाळी मोठ्या झालेल्या मुलावर. बायको भक्ती म्हणते, फेडायचाच. नवरा वॅकी म्हणतो, शक्य नाही. आणि दोघं बसमध्ये बसून मुंबईहून गणपतीपुळ्याला निघतात. दुसरीतल्या पोराला हसायला 'नागडं' एवढा एक शब्द पुरेसा होता हे वेगळं सांगायला नको.

या सिनेमाबद्दल बोलताना लोक एक वाक्य हमखास म्हणतात. सचिन आणि सुप्रिया खरे नवरा-बायको आहेत, म्हणून ते जमून आलंय. मला हे अर्धंच पटतं. खरे नवरा-बायको तर आम्हीपण आहोत! आमचं भांडण बघायला कोणी तिकीट काढणार नाही.

माझं मत असं की हा सिनेमा जमतो तो तिसऱ्या माणसामुळे. म्हणजे बसच्या कंडक्टरमुळे, अशोक सराफमुळे.

थोडा हिशोब बघा. 1984 साली सचिननं 'नवरी मिळे नवऱ्याला' दिग्दर्शित केला. सुप्रिया सबनीस त्यातून पडद्यावर आली आणि 1985 मध्ये सचिनशी लग्न करून पिळगावकर झाली. त्याच सिनेमात अशोक सराफ होते आणि निवेदिता जोशीही होती. पुढे 1990 मध्ये अशोक आणि निवेदिता यांचंही लग्न झालं. मधल्या काळात 1988 ला 'अशी ही बनवाबनवी' आला, वसंत सबनीसांच्या संवादांचा. त्यात हे चौघंही आहेत. म्हणजे 2004 मध्ये तो कंडक्टर त्या बसमध्ये चढतो, तेव्हा तो या जोडप्याला 20 वर्षं ओळखतोय. लग्नाच्याही आधीपासून! असा माणूस तुमच्या भांडणात पडतो तेव्हा तो कोणाची बाजू घेत नाही. त्याला दोघंही पुरते माहीत असतात.

सिनेमात हे स्पष्ट दिसतं. सचिन चिडतो, सुप्रिया हट्टाला पेटते, आणि अशोकमामा फक्त बघतात. त्या बघण्यावर थिएटर हसतं. नवरा-बायकोचं भांडण त्या दोघांच्या नजरेतून कधीच विनोदी नसतं. ते विनोदी दिसायला तिसरीकडून बघावं लागतं. आमच्या भाषेत सांगायचं तर स्वतःच्या कोडमधला बग स्वतःला दिसत नाही, शेजारचा येऊन अर्ध्या मिनिटात बोट ठेवतो.

'बनवाबनवी' काढून बघा. तिथे तर नवरा-बायकोच खोटे आहेत. पण लीलाबाई काळभोर झालेल्या नयनतारा समोर बसलेल्या असतात म्हणून ते खोटं संसारनाट्य रंगतं. त्या खोलीतून निघून गेल्या की उरतात साडीतले दोन दमलेले बाप्ये. सचिनच्याच 'तू तू मैं मैं' मालिकेतसुद्धा सुप्रियासमोर रीमा लागू सासू म्हणून उभ्या होत्या. तिसरा माणूस कुठे बसवायचा हे या दिग्दर्शकाला पक्कं कळतं. (महागुरूंवरचे मीम मीही फॉरवर्ड करतो, पण हे त्यांचं श्रेय आहे आणि ते द्यायला हवं.)

शिवाय बस. जयवंत वाडकर, विजय पाटकर, प्रदीप पटवर्धन... ही सगळी नाटकातून आलेली, टायमिंग मुरलेली माणसं. प्रत्येकाच्या वाट्याला थोडंसंच काम, पण त्यांनी बस भरून टाकलीय. 2024 मध्ये दुसरा भाग आला. आता कोकण रेल्वे, अशोकमामा टीसी, जोडीला स्वप्नील जोशी आणि हेमल इंगळे. आम्ही थिएटरात जाऊन पाहिला. हसलो. पण मला ती बस आठवत राहिली. रेल्वेत माणसं पांगतात. बसमध्ये सगळे एकाच खोलीत कोंडलेले असतात, पळायला जागा नसते.

आणि अशोक सराफांचं गणवेशाशी काय नातं आहे कोण जाणे! 1975 च्या 'पांडू हवालदार'मध्ये हवालदार, 2004 ला कंडक्टर, 2024 ला टीसी. सुरुवातीची काही वर्षं त्यांनी स्टेट बँकेत नोकरीही केली होती. लोकांच्या रांगा पाहिलेला माणूस आहे तो. 2025 ची पद्मश्री मिळाल्यावर आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर जेवढे मेसेज आले, तेवढे अप्रेझलच्या वेळीही येत नाहीत.

असो. मूळ मुद्द्यावर येतो.

आमच्या वन बीएचकेमध्ये हा तिसरा माणूसच नाहीये. दोघं लॅपटॉप बंद करतो, भांडतो आणि पुन्हा लॅपटॉप उघडतो. मित्र आहेत, पण ते दर दोन वर्षांनी कंपनी बदलतात, मग शहर. वीस वर्षं ओळखणारा कोणी जवळ नाही. जे ओळखतात ते गावी. आणि गावाकडच्यांनी आपल्यात पडू नये म्हणून तर आपण इतक्या लांब घर घेतलं! प्रायव्हसी मिळाली, हे नाकारत नाही. एकत्र कुटुंबात सुनेचं काय व्हायचं हे मी घरातच पाहिलंय, त्यामुळे त्या जुन्या दिवसांचे गोडवे गाणार नाही. पण भांडणावर हसणारं कोणी राहिलं नाही हेही तितकंच खरं.

त्या रात्री घरी जेवणं झाल्यावर आम्ही मुद्दाम हा सिनेमा लावला. आई, बाबा, आम्ही दोघं. बायको अर्ध्यातच म्हणाली, "नवस बोलणारे वडील, आणि हट्टी ठरते ती बायको. हे कोणी लिहिलंय?" खरंच आहे, सिनेमा नवस बोलणाऱ्याला काही विचारत नाही. मी गप्प. बाबा गप्प. आणि आई शांतपणे म्हणाली, "माझा नवस बरा म्हणायचा की मग. मी नुसती चप्पलच काढा म्हणले."

बाबांना ठसका लागला. बायको पोट धरून हसली.

दुसऱ्या दिवशी आम्ही माहूरला गेलो. अनवाणी चढलो, आईसुद्धा. निघण्याआधी बायकोनं एक अट घातली होती. यापुढे आमच्या नावानं आम्हाला न विचारता नवस नाही. आईनं लगेच "बरं बाई" म्हटलं. जरा जास्तच लगेच! वरती देवीसमोर तिनं बराच वेळ डोळे मिटून हात जोडले होते. मूल कधी, हवं का, यावर आमच्या दोघांचं अजून काही ठरलेलं नाही. आईनं मात्र काय मागितलं असेल याचा आम्हाला दोघांनाही अंदाज आहे.

उतरताना बायको माझ्या कानात म्हणाली, "भाग तीन."

परतीच्या एसटीत कंडक्टर दुसरा होता. काही न बोलता त्यानं तिकीट फाडून हातात दिलं. एक फुल, एक हाफ.