पाण्याकाठचा कॅमेरा

छायाचित्रणाचा छंद मला अकरावीत लागला, आणि जलतरणाची छायाचित्रे काढण्याचा नाद गेल्या वर्षी. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपला संघ उतरला होता. मामाचा जुना कॅमेरा गळ्यात अडकवून मी दिवसभर तलावावर होतो. रात्री सर्वांत आवडलेले एक छायाचित्र वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकले. स्टार्टिंग ब्लॉकवर वाकलेल्या एका मैत्रिणीचे, मागच्या बाजूने घेतलेले. प्रकाश छान साधला होता. पण गटावर जे शेरे आले ते प्रकाशाविषयी नव्हते. सकाळी तिचा निरोप आला, "काढून टाक. निदान विचारायचं तरी होतंस." पुढच्या स्पर्धेला तिने नाव दिले नाही.

शेरे मारणाऱ्यांकडे बोट दाखवून मला सुटता येईना. छायाचित्र तर मीच काढले होते.

काही मित्र म्हणतात, स्पर्धा उघड्यावर होते, चारचौघे पाहतातच. मग छायाचित्राने काय बिघडले? मला हे पटत नाही. प्रेक्षक शर्यत पाहतो आणि घरी जातो. छायाचित्र मात्र शर्यतीपासून तुटून मागे उरते आणि कोणाच्याही हाती पडते. दुसरे काही म्हणतात, मग मुलींच्या शर्यतीची छायाचित्रेच नकोत. हा तर सभ्यतेच्या नावाखाली अन्याय झाला. पहाटे उठून सराव मुलींनीही करायचा आणि वार्षिकांकात झळकायचे फक्त मुलांनी!

वास्तविक याचे उत्तर पोहण्यातच आहे. ब्रेस्टस्ट्रोकमध्ये प्रत्येक आवर्तनात डोके पाण्यावर यावे लागते, तसा नियमच आहे. बटरफ्लायमध्ये श्वास घेताना चेहरा समोर उसळतो. या दोहोंसाठी लेनच्या समोरच्या टोकाला गुडघे टेकून बसावे. फ्रीस्टाइलमध्ये पोहणारा कोणत्या बाजूला श्वास घेतो ते सरावात पाहून ठेवावे आणि त्या बाजूला थांबावे. बॅकस्ट्रोकमध्ये चेहरा वरच असतो. तो बाजूने टिपावा. शटरचा वेग १/१००० सेकंद ठेवला की उडणारे थेंबही जागच्या जागी थांबतात. म्हणजे जिथून उत्तम छायाचित्र मिळते, तीच सभ्य जागा आहे. माझ्या त्या छायाचित्रात चेहरा नव्हता, श्वास नव्हता, धाप नव्हती. खेळाचे छायाचित्र म्हणूनही ते फसलेलेच होते.

२००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मायकेल फेल्प्सने १०० मीटर बटरफ्लायची शर्यत अवघ्या १/१०० सेकंदाने जिंकली. भिंतीला झालेला तो स्पर्श पाण्याखालच्या कॅमेऱ्याने टिपला. आपल्या हौशी मंडळींकडे तशी साधने नाहीत. पण वृत्तपत्राच्या छायाचित्रकाराला असते ती घाईही आपल्याला नाही. म्हणूनच आधी विचारायला आणि छायाचित्र प्रथम खेळाडूला दाखवायला आपल्याजवळ कोणतीच सबब उरत नाही. जिमखान्याने एवढे दोन नियम केले तरी पुष्कळ होईल.

या अंकासाठी मी तीन छायाचित्रे दिली आहेत. तिघाही खेळाडूंनी ती आधी पाहिली आणि होकार दिला. तिचे छायाचित्र त्यांत नाही. यंदा ती पुन्हा स्पर्धेत उतरली आहे. परवा तलावावर मी तिला विचारले, तेव्हा ती "बघू" एवढेच म्हणाली. मी कॅमेरा पिशवीत ठेवला आणि तिची शर्यत प्रथमच नुसत्या डोळ्यांनी पाहिली.