बाग कोणाची ? कुलूप कोणाचें ?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, मुंबईच्या बागेशीं आम्हां खेडुतांचें काय काम, असें कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर असें कीं, ज्याच्या घरचें एक तरी माणूस पोटासाठीं मुंबईस आहे त्याचें काम आहे. आणि तसें माणूस नसलेलीं घरें आपल्या गांवांत किती, तें मोजून पाहावें.

गेल्या वैशाखांत आम्ही एका जुन्या विद्यार्थ्याकडे मुंबईस गेलों होतों. सुताराचा मुलगा, रात्रीं पहाऱ्याचें काम करतो. दहा बाय दहाच्या खोलींत सहा जण पाळीनें निजतात. भर दुपारीं त्याच्या म्हाताऱ्या आईला घेऊन आम्ही जवळच्या बागेंत सावलीला निघालों, तों फाटकाला कुलूप ! करंजाची गार सावली आंत रिकामी पडलेली, आणि म्हातारी बाहेर फुटपाथवर घाम पुशीत बसलेली. सायंकाळीं फाटक उघडलें, तर वाटेंत फिरते दांडे. गुडघे धरलेल्या म्हातारीला दोघांनीं उचलून आंत नेलें. आंत पाटी : हिरवळीवर बसूं नये. प्यावयास नळ नाहीं, बायकांस मुतारी नाहीं.

ही बाग कोणाच्या पैशाची ? मुंबईची जकात २०१७ सालीं बंद झाली. तिची भरपाई महापालिकेला राज्य सरकार देतें, आणि सरकारला तो पैसा साबणाच्या वडीवरील व चपलेच्या जोडावरील करांतून मिळतो. म्हणजे झोपडींतली मोलकरीणही त्या बागेची धनीण आहे. मग धनिणीनेंच बाहेर बसावयाचें काय ?

माणशीं १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा असावी, असें केंद्र सरकारच्या २०१४ सालच्या नगररचनेच्या मार्गदर्शिकेंत सांगितलें आहे. मुंबईकराच्या वांट्यास दोन मीटरही धड येत नाहीं. आणि त्यावरही कुलूप!

गरीब आंत आले कीं घाण करतात, लोळत पडतात, असें शहाणे म्हणतात. जेथें मुतारीच बांधली नाहीं, तेथील घाणीचा दोष बांधणाराचा कीं बसणाराचा ? रात्रभर ह्यांच्याच इमारतीची राखण करणारा दुपारीं झाडाखालीं आडवा झाला तर तो आळशी. आणि सुटलेलें पोट उतरविण्यासाठीं सकाळीं चकरा मारणारा तेवढा नागरिक!

१९२३ सालीं रावबहादुर सीताराम केशव बोले यांनीं मुंबई कायदेमंडळांत ठराव पास करून घेतला, कीं सरकारी पैशाचे पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्यांस खुल्या असाव्यात. तरीही महाडच्या चवदार तळ्याचें पाणी पिण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांसह हजारों लोकांस चालत जावें लागलें. कागदावर ‘सर्वांसाठीं’ लिहिल्यानें फाटक उघडत नाहीं, हें आम्हीं तेव्हांच शिकलों.

जागा नाहीं, हें रडगाणेंही नको. धारावीशेजारीं कचऱ्याचे ढीग होते; तेथेंच ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभें राहून १९९४ सालीं खुलें झालें. महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानापैकीं १२० एकर जागा बागेसाठीं महापालिकेला देण्याचें २०२४ सालीं ठरलें. तेथें मोलकरीण बसणार कीं नाहीं, हें आजच विचारलें पाहिजे.

आमची मागणी थोडकी आहे. वस्तीवस्तींतली बाग दुपारीं उघडी असावी, तिकीट नसावें. फाटकाला पायरी नको, उतार हवा, म्हणजे पांगळ्याची गाडी जाईल. नळ, मुतारी, दिवे असावेत. शोभेच्या ताडांऐवजीं कडुनिंब, करंज लावावे. मुलींना निर्धास्त झोका घेतां यावा. आणि बागेचे नियम ठरवितांना झोपडींतल्या बायकांसही बोलवावें.

बंधूंनो, मुंबईच्या लेकराला फोन कराल तेव्हां भावकीच्या भांडणाबरोबर एवढेंही सांगा : चाळींतल्या पन्नास जणांच्या सह्या घे, वॉर्ड ऑफिसांत अर्ज दे, आणि अर्जाची पोंच घ्यावयास विसरूं नको.