यंत्राला विचारायचे कधी?

१४ नोव्हेंबर १९९२. दक्षिण आफ्रिकेतील डर्बन शहर. भारतीय संघ त्या देशात आपला पहिलाच कसोटी सामना खेळत होता. एकोणीस वर्षांचा सचिन तेंडुलकर ११ धावांवर असताना एक धाव चोरण्यासाठी पुढे सरसावला आणि माघारी फिरला. तोवर जॉन्टी ऱ्होड्सने चेंडू अडवून फेकला होता. बेल्स उडाल्या. सचिन रेषेच्या आत पोहोचला होता की नव्हता?

एरवी पंचांनी क्षणभर विचार करून बोट वर केले असते किंवा मान हलवली असती. त्या दिवशी सिरिल मिचली यांनी दोन्ही केले नाही. दूरचित्रवाणीच्या पडद्यासमोर बसलेले तिसरे पंच कार्ल लिबेनबर्ग यांच्याकडे त्यांनी निर्णय सोपवला. चित्रफीत पुन्हा पाहिली गेली आणि सचिन धावचीत ठरला. अशा रीतीने बाद झालेला तो आंतरराष्ट्रीय क्रिकेटमधला पहिला फलंदाज. याच सामन्यात प्रवीण अमरेने पदार्पणात शतक ठोकले, म्हणून मराठी क्रिकेटप्रेमींच्या तो लक्षात आहे. क्रिकेटच्या इतिहासात मात्र तो नोंदला गेला तिसऱ्या पंचासाठी.

यंत्र आले, आता चुका संपल्या, असे कुणाला वाटले असेल तर तो भ्रम याच मालिकेतल्या पुढच्या कसोटीत दूर झाला. जोहान्सबर्गला ऱ्होड्स २८ धावांवर असताना धावचीतचे अपील झाले. पंच होते स्टीव्ह बकनर. त्यांना आपल्या डोळ्यांबद्दल शंका वाटली नाही. त्यांनी तिसऱ्या पंचाला विचारलेच नाही आणि ऱ्होड्स नाबाद ठरला. पडद्यावर मात्र तो बाद असल्याचे साऱ्यांना दिसले. ऱ्होड्सने पुढे ९१ धावा काढल्या. कॅमेरा तोच, पडदा तोच; फक्त त्याला कुणी प्रश्न विचारला नव्हता.

बकनर काही साधेसुधे पंच नव्हते. शंभर कसोटी सामन्यांत पंचगिरी करणारे ते पहिलेच. पण चूक अनुभवी माणसाचीही होते. जानेवारी २००८ मध्ये सिडनी कसोटीत ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू सायमंडस ३० धावांवर असताना ईशांत शर्माचा चेंडू त्याच्या बॅटची कड घेऊन धोनीच्या हातात विसावला. बकनर यांनी त्याला नाबाद ठरवले. सायमंडसने नाबाद १६२ धावा केल्या आणि कड लागली होती हे नंतर स्वतःच सांगून टाकले. घरोघरी दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या प्रेक्षकांना जे दिसत होते, ते दाखवून दाद मागण्याची सोय मैदानावरच्या भारतीय खेळाडूंना नव्हती.

तशी सोय त्याच वर्षी झाली. भारत-श्रीलंका कसोटी मालिकेत खेळाडूंना पंचांच्या निर्णयावर दाद मागण्याचा हक्क प्रथमच देण्यात आला. आज आपण त्या पद्धतीला ‘डीआरएस’ म्हणतो. पण हक्क मिळाला म्हणजे तो वापरता येतो, असे थोडेच आहे! त्या मालिकेत श्रीलंकेची दाद अकरा वेळा मान्य झाली, भारताची केवळ एकदा. यंत्र दोघांना सारखेच होते. त्यानंतर कित्येक वर्षे भारतीय क्रिकेट मंडळ या पद्धतीवर नाराज राहिले. आपल्या देशातल्या द्विपक्षीय मालिकेत तिला परवानगी मिळाली ती २०१६ मध्ये, इंग्लंडविरुद्धच्या राजकोट कसोटीपासून.

मंडळाची शंका अगदीच निराधार होती असेही नाही. धावचीतच्या वेळी कॅमेरा घडलेली गोष्ट दाखवतो. पायचीतच्या वेळी चेंडू पॅडला लागून थांबलेला असतो. तो यष्टींवर गेला असता का, हे न घडलेले सांगायचे असते. हे काम ‘हॉक-आय’ करते. पॉल हॉकिन्स या इंग्रज तंत्रज्ञाच्या पुढाकाराने तयार झालेली ही प्रणाली क्रिकेटच्या प्रक्षेपणात २००१ मध्ये लॉर्ड्सच्या इंग्लंड-पाकिस्तान कसोटीत प्रथम दिसली. मैदानाभोवती उंचावर बसवलेले कॅमेरे चेंडू वेगवेगळ्या कोनांतून टिपतात. त्या चित्रांवरून संगणक चेंडूची क्षणाक्षणाची जागा ठरवतो आणि झालेल्या प्रवासावरून पुढचा मार्ग आखतो. म्हणजे पडद्यावर दिसणारी शेवटची रेघ हा गणिताने काढलेला अंदाज असतो. म्हणूनच चेंडूचा निम्म्याहून कमी भाग यष्टीला लागेल असे दिसले, तर मैदानावरच्या पंचाचा मूळ निर्णय कायम राहतो. यंत्राला जिथे पुरती खात्री नाही, तिथे नियमाने माणसाचा मान राखला आहे.

योगायोग पाहा. ज्या सचिनला १९९२ मध्ये पडद्याने बाद ठरवले, त्यालाच ३० मार्च २०११ रोजी पडद्याने वाचवले. मोहालीत विश्वचषकाचा उपांत्य सामना, समोर पाकिस्तान. सचिन २३ धावांवर असताना सईद अजमलच्या चेंडूवर पंच इयान गूल्ड यांनी त्याला पायचीत दिले. सचिनने दुसऱ्या टोकाच्या गौतम गंभीरशी दोन शब्द बोलून दाद मागितली. चेंडू लेग स्टंपच्या बाहेरून जात असल्याचे संगणकाने दाखवले आणि निर्णय फिरला. सचिनने ८५ धावा केल्या, भारत २९ धावांनी जिंकला. अर्थात सारे श्रेय संगणकाला देता येणार नाही. त्या दिवशी पाकिस्तानी क्षेत्ररक्षकांनीही त्याचे चार झेल सोडले होते!

दाद मागण्याची संधी मोजकीच असते, हे ऑस्ट्रेलियाला २५ ऑगस्ट २०१९ रोजी फार महागात पडले. हेडिंग्लेच्या कसोटीत इंग्लंडची शेवटची जोडी मैदानात होती. लेग स्टंपच्या बाहेर टप्पा पडलेल्या चेंडूवर जॅक लीचविरुद्ध ऑस्ट्रेलियाने आपली उरलेली एकमेव दाद घाईने वापरून टाकली. पुढच्याच षटकात विजयाला दोन धावा हव्या असताना नेथन लायनचा चेंडू बेन स्टोक्सच्या पॅडवर आदळला. पंचांनी नाबाद दिले. हॉक-आय सांगत होते, चेंडू यष्टींवरच जात होता. पण विचारण्याचा हक्क संपला होता. स्टोक्स नाबाद १३५ धावांवर राहिला आणि इंग्लंडने सामना एका गड्याने जिंकला.

निर्णय मागायला खेळाडूंना १५ सेकंद मिळतात. गोलंदाजाला जवळपास प्रत्येक चेंडूवर फलंदाज बाद वाटतो, आणि फलंदाजाला आपण कधीच बाद वाटत नाही. अशा वेळी कर्णधार बहुधा यष्टिरक्षकाकडे पाहतो, कारण चेंडूची रेषा त्याला चांगली दिसते. तो यष्टिरक्षक आपल्याच गोलंदाजाच्या उत्साहात वाहून न जाता ‘नाही, बाहेर होता’ असे सांगू शकला, तर संघाची एक दाद वाचते आणि खऱ्या गरजेच्या वेळी कामी येते.

मुंबईच्या पावसाळ्यात कांगा लीग खेळणाऱ्या मुलांच्या सामन्यांना ना हॉक-आय असते, ना तिसरा पंच. पण भर अपीलच्या कल्ल्यात आपल्या कर्णधाराला खरे सांगण्याची सवय त्यांना तिथेही लावून घेता येते. उद्या मोठ्या मैदानावर, कॅमेऱ्यांच्या गराड्यात, पहिली गरज तिचीच पडणार आहे.