न दिलेल्या मताचा हिशेब

महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत देऊन उपयोग काय, असा प्रश्न आमच्या मराठी मंडळींत हल्ली इतक्या सहजपणे विचारला जातो, की तो आता प्रश्न राहिलेला नसून उत्तरच होऊन बसला आहे. लोकसभेला आवर्जून रांगेत उभे राहणारे, विधानसभेलाही सहकुटुंब मत देणारे सुविद्य गृहस्थ नगरसेवक निवडावयाच्या दिवशी पावागडला जातात, नाहीतर दुपारच्या झोपेला अधिक महत्त्व देतात. २०२१ च्या फेब्रुवारीत बडोद्यात मतदान झाले ते रविवारी. सुटीची सबब कोणापाशी नव्हती. तरीही निम्म्याहून कमी मतदार घराबाहेर पडले. ७६ पैकी ६९ जागा एकाच पक्षाकडे गेल्या. त्या पक्षाचे नाव लिहिणे आम्हां सरकारी सेवकांना शोभणारे नाही, आणि बडोदेकरांना ते सांगण्याची आवश्यकताही नाही.

या उदासीनतेला आम्ही आळस म्हणून मोकळे होणार नाही. तिला कारणे आहेत. शहराचा प्रत्यक्ष कारभार ज्याच्या सहीने चालतो तो आयुक्त राज्य सरकार नेमते. महापौर आपण निवडीत नाही, नगरसेवक निवडतात, आणि तोही अडीच वर्षांचाच धनी. ठेके व खर्च ज्या स्थायी समितीपुढे मंजूर होतात तिच्या सभासदांची नावे दहा सुशिक्षितांना विचारली तर नऊ जण गप्प बसतील. त्यातून उमेदवार ठरतो पक्षाच्या कचेरीत, आणि तिकीट न मिळालेला दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पक्षात दिसतो. काही ठिकाणी तर मत देण्याचीही पाळी येत नाही. २०२५ च्या फेब्रुवारीत गुजरातमधील नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या तेव्हा दोनशेंहून अधिक जागा मतदानापूर्वीच बिनविरोध ठरल्या होत्या. तेथील मतदाराने उत्साह दाखवावा तरी कोठे?

आमच्या राज्याने यावर एक नामी उपाय योजला होता, त्याची आठवण फारशी कोणाला उरलेली नाही. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत मतदान सक्तीचे करणारे विधेयक गुजरात विधानसभेने २००९ मध्ये संमत केले. तत्कालीन राज्यपालांनी त्यावर सही केली नाही. ती झाली २०१४ च्या नोव्हेंबरात, नव्या राज्यपालांच्या काळात. न मत देणाऱ्यास शंभर रुपये दंड ठरला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये उच्च न्यायालयाने या सक्तीला स्थगिती दिली आणि तो दंड कोणाच्या खिशातून गेला नाही. पण गंमत पुढेच आहे. याच राज्यात २००१ पासून ‘समरस’ गावांची योजना आहे: ज्या गावात ग्रामपंचायतीची निवडणूकच न होता एकमताने सभासद ठरतील त्या गावाला सरकारी अनुदान! म्हणजे शहरातल्याने मत दिले नाही तर दंड, आणि खेड्यातल्याने मत देण्याचा प्रसंगच येऊ दिला नाही तर बक्षीस. भांडणे टाळावीत हा समरसतेमागील हेतू आम्हांस मान्य आहे. परंतु एकमत आणि मूकमत यांतील अंतर गावचा तलाठीही ओळखतो.

सक्तीचा विषय निघाला की बडोद्यात श्रीमंत सयाजीराव महाराजांचा दाखला हटकून दिला जातो. महाराजांनी १९०६ मध्ये संपूर्ण राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दंड केला, मग मतदानास का नको? आमचा जन्म शाळेत गेला, म्हणून सांगतो, ही तुलना तोकडी आहे. महाराजांनी दंड लावण्यापूर्वी शाळा बांधली, गुरुजी नेमला, पाटी-पुस्तकाची सोय पाहिली. वर्गात काही शिकवलेच जाणार नसेल तर हजेरी सक्तीची करून काय साधणार? मतदाराला शिक्षा करण्याआधी मताला अर्थ आणून देणे हे राज्यकर्त्यांचे काम.

असो. आता दुसरी बाजू. महानगरपालिकेच्या हाती काहीच नाही, असे म्हणणाऱ्याने १८ जानेवारी २०२४ हा दिवस विसरू नये. त्या दिवशी हरणी तलावात सहलीला आलेल्या मुलांची नाव उलटली. १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या. तलाव महानगरपालिकेचा, आणि तेथील नौकाविहार चालविण्याचा ठेकाही तिनेच दिलेला. तो कागद कोणा समितीपुढे आला असेल, कोणी हात वर केला असेल, कोणी वाचला असेल वा नसेल. शाळेच्या सहलीची परवानगी देणाऱ्या आमच्यासारख्याला तो कागद दिल्लीतल्या कोणत्याही कायद्यापेक्षा मोठा वाटतो.

त्याच वर्षी ऑगस्टअखेरीस विश्वामित्री काळ्या घोड्यापाशी ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची रेषा २६ फुटांची. लोक दिवसदिवस पाण्यात बसले, आणि उशिरा फिरकलेल्या लोकप्रतिनिधींना काही वस्त्यांनी आल्या पावली परत धाडले. तो संताप रास्त होता. पण नदीच्या काठची कोतरे बुजवून इमारती उभ्या राहिल्या त्या एका रात्रीत नव्हे. नगररचनेचे आराखडे महानगरपालिकेच्या सभेपुढे येतात, हरकतींसाठी प्रसिद्ध होतात, आणि हरकती येत नाहीत म्हणून मंजूर होतात. आजव्याच्या सरोवराची पातळी किती ठेवावी, पाणी केव्हा सोडावे, हाही याच घरचा निर्णय. खंडेराव मार्केटच्या त्या देखण्या इमारतीत काय चालते याची चौकशी आम्ही पाणी उंबऱ्याला लागल्यावर करतो.

आणखी एक गोष्ट खास मराठी घरांसाठी. शहरातील प्राथमिक शाळा ज्या नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या अखत्यारीत आहेत, तिचे सभासद नगरसेवकांच्या मतांनी निवडले जातात. मराठी माध्यमाच्या वर्गाला शिक्षक मिळतो की नाही, पटसंख्या घटली म्हणून वर्ग जवळच्या शाळेत मिसळायचा की नाही, हे तेथे ठरते. मराठी शाळा बंद पडल्या म्हणून गणेशोत्सवाच्या व्यासपीठावर हळहळणाऱ्यांपैकी किती जणांनी या समितीवर कोण बसले आहे याची विचारपूस केली? भाषा केवळ संमेलनांनी टिकत नाही; तिला हजेरीपट लागतो, आणि तो हजेरीपट कोणाच्या तरी सहीने चालू राहतो.

मतदान केंद्राध्यक्ष म्हणून आम्ही अनेक निवडणुका पाहिल्या आहेत. बाहेरच्यास न दिसणारी एक गोष्ट तेथे दिसते. उमेदवारांचे प्रतिनिधी यादी घेऊन बसतात आणि आलेल्या प्रत्येक नावापुढे खूण करतात. कोणी कोणाला मत दिले हे त्यांना कळत नाही, कळूही नये. परंतु कोण आले आणि कोण आले नाही हे सायंकाळपर्यंत त्यांना तोंडपाठ असते. पोळाचे शंभर टक्के, झोपडपट्टीचे ऐंशी टक्के, आणि अमुक सोसायटीचे तीस! ती यादी पाच वर्षे जपली जाते. गटार तुंबले, दिवे गेले, रस्ता उखडला की कोणाचा दूरध्वनी आधी उचलायचा हे त्या खुणांवरून ठरते. न दिलेले मत हा आपला निषेध आहे, असे आमचे सुशिक्षित बंधू समजतात. यादी सांभाळणाऱ्या कार्यकर्त्याच्या लेखी तो निषेध नसतो. येथे जाण्याचे कारण नाही, एवढीच त्याची नोंद असते. निषेधच करावयाचा असेल तर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण यंत्रावर आहे. त्याने उमेदवार पडत नाही हे खरे, पण यादीवर खूण तरी होते.

आणि मतदानच नसले तर? याचा अनुभव आमच्या आप्तांनी घेतला आहे. मुंबईत २०२२ च्या मार्चपासून तीन वर्षांहून अधिक काळ नगरसेवकच नव्हते, प्रशासकाचा अंमल होता. बेळगावकरांनी २०२१ च्या सप्टेंबरात मते दिली, आणि महापौर निवडला गेला २०२३ च्या फेब्रुवारीत. या दोन शहरांतील मंडळींना विचारावे, वॉर्डातला वाईट नगरसेवक बरा की कोणीच नसलेला बरा. वाईट माणसाचा दरवाजा ठोठावता तरी येतो. प्रशासकाचे दार कोठे आहे हेच सामान्य माणसास ठाऊक नसते. त्यातल्या त्यात एवढे मात्र मान्य करू, की दारावर थाप मारणारा एकटा असेल तर आतला माणूस उठत नाही.

बडोद्यात एका वॉर्डातून चार नगरसेवक निवडले जातात, तेव्हा मतदारालाही चार मते असतात. पुष्कळ जण चारही मते एका चिन्हावर दाबून दोन मिनिटांत मोकळे होतात. ती सक्ती नाही. चार माणसे निरनिराळ्या पक्षांची निवडता येतात, दोघांनाच मत देता येते. त्यांतील दोन जागा स्त्रियांच्या आहेत, आणि त्या उमेदवार स्वतः सभेत बोलतात की त्यांच्या वतीने यजमान बोलतात हे शेजारणींना पुरते ठाऊक असते. पक्षाच्या लाटेत माणूस पारखण्याची ही एवढीच जागा शिल्लक आहे.

शेवटी याद्यांविषयी. रावपुऱ्यातला वाडा विकून मांजलपूरला किंवा गोत्रीला राहावयास गेलेल्या कित्येक कुटुंबांची नावे वर्षानुवर्षे जुन्याच पत्त्यावर राहतात. अशा मतदाराला आपल्या दारातल्या रस्त्याबद्दल मत देता येत नाही, आणि ज्या गल्लीत तो राहत नाही तेथे जाऊन मत देण्याची त्याला इच्छा नसते. पत्ता बदलण्यासाठी नमुना क्रमांक ८ आणि नवीन नावासाठी नमुना क्रमांक ६ भरावा लागतो. अठरा वर्षे पूर्ण होण्यासाठी पूर्वीप्रमाणे केवळ १ जानेवारीच धरली जात नाही; १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही चालतात. लग्न होऊन आलेल्या सुनेचे नाव माहेरच्या यादीत आणि मुलाचे वसतिगृहाच्या गावी राहून गेले असेल, तर निवडणुकीची घोषणा होण्याची वाट न पाहता ते काम आधीच उरकावे. हे नमुने बीएलओंकडे मिळतात, आणि बीएलओ म्हणजे बहुधा तुमच्याच जवळच्या शाळेतील एखादे गुरुजी किंवा बाई असतात.