तणाव हे एमएसचे मूळ नव्हे

मा. संपादक,

मल्टिपल स्क्लेरोसिस अर्थात एमएसवरील आपल्या लेखात तणावाला आजाराचे मूळ, कॉर्टिसॉलला विष आणि ध्यानधारणेला औषधाचा पर्याय ठरवले आहे. ही तिन्ही विधाने चुकीची आहेत.

एक, २०२२ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकी सैन्यातील एक कोटीहून अधिक जणांच्या अभ्यासात एप्स्टाइन-बार विषाणूच्या संसर्गानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढलेला आढळला. तणाव हे आजाराचे मूळ असल्याचा इतका भक्कम पुरावा नाही. तणावाच्या घटनांनंतर आधीच असलेला आजार उसळण्याची शक्यता वाढते, एवढेच २००४ च्या ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधील १४ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून दिसते.

दोन, कॉर्टिसॉल हे दाह शमवणारे संप्रेरक आहे. एमएसचा झटका आल्यावर शिरेतून दिले जाणारे मिथाइलप्रेडनिसोलोन त्याच जातीचे स्टेरॉइड आहे. विषच असते, तर डॉक्टरांनी ते दिले असते का?

तीन, २०१२ मध्ये १२१ रुग्णांवर झालेल्या चाचणीत तणाव-व्यवस्थापनाच्या सत्रांमुळे मेंदूतील नवे व्रण कमी झाले. पण सत्रे संपल्यावर हा फायदा टिकला नाही. म्हणजे तणाव कमी करणारे असे उपाय औषधोपचारांना जोड आहेत, पर्याय नाहीत.

अशा लेखांमुळे ‘तू फार काळजी करतेस, म्हणून हे झालं’ असा ठपका रुग्णावरच येतो. आजाराच्या ओझ्यावर हे अपराधीपण लादणे अन्यायाचे आहे. आपण खुलासा छापावा; आणि न्यूरॉलॉजिस्टना विचारल्याशिवाय कोणीही औषध थांबवू नये.

— एका एमएस रुग्णाची बहीण, नाशिक