धूर नाही म्हणजे धोका नाही, असे नव्हे



गळीत हंगाम आणि थंडी जोडीनेच येतात. पहाटे उसाला पाणी धरून आलेला माणूस घरी पोचतो तो हात चोळतच. परवा एका सभासदाच्या घरी आम्ही चहाला थांबलो होतो. पेलेटवर चालणारी पंख्याची शेगडी त्यांनी मोठ्या कौतुकाने दाखविली. जाळ चांगला, भांड्याचे बूड फारसे काळे नाही. आम्हीही तारीफ केली. निघताना ते सहज बोलून गेले, "धूर म्हणून नाहीच बघा. सैपाक झाला की निखाऱ्यासकट उचलून निजायच्या खोलीत ठेवतो. दार लावलं की रातभर ऊब राहतीया." हे ऐकून आम्ही चपापलो. आज लिहिण्याचे कारण तेच.

पेलेट म्हणजे बगॅस, पाचट, भुईमुगाची टरफले, लाकडाचा भुसा असला माल वाळवून, बारीक करून, यंत्रात दाबून केलेल्या करंगळीएवढ्या कांड्या. शेगडीतला लहान पंखा खालून आणि वरच्या भोकांतून हवा देतो, म्हणून बराचसा धूर तिथल्या तिथेच जळतो. आपल्या शेतातला माल आपल्याच चुलीत कामी यावा, या विचाराला आमचा विरोध नाही. उलट पाठिंबाच आहे. पण धूर हा एका परीने राखणदार असतो. डोळे चुरचुरले, ठसका लागला की माणूस आपसूक दार उघडतो. जाळ विझून नुसता निखारा उरला की धूर दिसत नाही, आणि त्याच वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू अधिक सुटतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक जोराने चिकटतो. आधी डोके जड होते, मग मळमळ, मग गुंगी. झोपलेल्याला तर तेवढीही सूचना मिळत नाही.

अमेरिका-युरोपात थंडीत घर गरम ठेवायला पेलेटच्या शेगड्या वापरतात, हे खरे. पण त्यांतला वायू नळीने घराबाहेर सोडलेला असतो. आपली सैपाकाची शेगडी त्या जातीची नव्हे. तिला बाहेर जाणारी नळी नाही. सबब ती उघड्या पडवीत, नाहीतर समोरासमोर दार-खिडकी उघडी असलेल्या जागीच पेटवावी. निजायच्या खोलीत तिला थारा देऊ नये.

बाकीच्या गोष्टीही साध्याच आहेत. कांड्या कोरड्या हव्यात. ओल लागली की त्या फुगून भुगा होतो आणि शेगडी धुमसते. पोती जमिनीवर न टाकता फळीवर ठेवावीत. वरची भोके बुजतील इतक्या कांड्या भरू नयेत. पेटवायला वरून थोड्या वाळक्या काटक्या पुरतात. शेतीचे डिझेल हाताशी आहे म्हणून ते, किंवा पेट्रोल, शेगडीत ओतू नये. पेटत्या शेगडीत तर मुळीच नाही, भडका तोंडावर येतो. पंखा बंद पडला तर शेगडी तशीच रेटत बसू नये. राख वरून गार दिसली तरी आत निखारा तासन्‌तास जिवंत राहतो. ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात काढावी, कडब्याच्या गंजीजवळ किंवा उकिरड्यावर टाकू नये. पुरती गार झाली की शेतात टाकावी, तिच्यात पालाश असते.

आणि शेगडीजवळ कुणाला भोवळ आलीच, तर कांदा हुंगवत बसू नये. आधी माणूस उघड्या हवेत आणावा, मग तडक दवाखाना गाठावा.

आता थोडे आपल्या संस्थेविषयी. १९८३-८४ पासून सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालविला, तो २००२ मध्ये बंद झाला. त्या चुलींची धुरांडी पुढे कितीजणांनी साफ केली, हे ज्याने त्याने आपल्या घरापुरते आठवावे. नुसती चूल देऊन भागत नाही, ती वापरायला शिकवावी लागते. म्हणून आमचे म्हणणे असे की, कारखान्यामार्फत शेगड्या देण्याचा विषय कधी निघाला, तर आधी आय.एस. १३१५२ हे मानक पाहावे आणि प्रत्येक गट ऑफिसात प्रात्यक्षिक ठेवावे. प्रात्यक्षिकाला पुरुषमंडळींनी खुर्च्या अडवू नयेत. चुलीपुढे जी बसते तिला पुढे बसवावे, तिच्या शंका आधी ऐकाव्यात.

आणखी एक. आपला ऊस तोडणारी माणसे पाचटाच्या, ताडपत्रीच्या कोप्यांत लेकराबाळांसह थंडी काढतात. तिथे आत निखारा ठेवणे म्हणजे वायूचा धोका आणि आगीचाही. त्यांना हे समजावून सांगणे आणि जादा पांघरुणाची सोय पाहणे, हे काम मुकादमावर ढकलून चालणार नाही. ते आपले, सभासदांचे काम आहे.

ऊब वाकळेतही मिळते. निखारा रात्री दाराबाहेरच बरा.